कॉपीचं दहावं गाणं

बोलणं हे माझं काम नव्हे. दुसऱ्याचं ऐकायचं आणि वायरीतून पुढे पाठवायचं, एवढंच मला येतं. पण एक गोष्ट कुणाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी, एक जुना माईक, आज तोंड उघडतोय.

माझी पहिली वर्षं एका सभागृहात गेली. येईल तो आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारी, मग तोंडावर फुंकर, मग "हॅलो, हॅलो." विचारपूस करायची ही काय रीत झाली? एकदा मी पडलो, जाळीला पोचा आला आणि मला अडगळीत टाकलं. तिथून हॉटेलात गाणाऱ्या एका तरुणाने मला घरी आणलं.

त्याला सगळे कॉपी म्हणत. सत्तरच्या दशकातली इंग्रजी रॉक गाणी तो गायचा, आणि अगदी हुबेहूब. मूळ गायकाने जिथे श्वास घेतला तिथेच हा घेणार. तो जिथे खोकला असेल तिथे हाही खोकणार. त्याच्या जोडीला ड्रमवाला, शाळेपासूनचा मित्र. दोघांचा एक नियम होता. मूळ गाण्यासारखं झालं नाही ते चुकलं, आणि चुकलेलं ठेवायचं नाही.

लग्न झालं, मुलगी झाली. तिला सगळे ठमी म्हणत. ठमी वर्षाची झाली आणि कॉपीचा आवाज बसायला लागला. गुळण्या झाल्या, औषधं झाली. मग डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. तीन आठवड्यांनी ऑपरेशन.

त्या दिवशी तो जेवला नाही. मला फडक्याने पुसत बसला.

"दहा गाण्यांची कॅसेट काढू," तो बायकोला म्हणाला. "ठमीला बापाचा आवाज राहील."

"अहो, मग तिच्याशी बोला ना. हाक मारा तिला."

"बोलतं काय, कुणीही. मी गातो."

तेव्हा मोबाईल नव्हते. आवाज धरून ठेवायचा तर टेपच लागे. ड्रमवाल्याने झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, दाराला रजई टांगली. ड्रम आणि गिटार आधीच टेपवर भरून ठेवलेले. बाहेरच्या खोलीत तो कानाला हेडफोन लावून टेपच्या यंत्राशी बसायचा. घरात लेकरू रडायला नको म्हणून ती माउली ठमीला घेऊन रोज दुपारी जिन्यात बसायची. गाणं मध्येच थांबलं की तिचा जीव टांगणीला. काही झालं तर नाही ना?

व्हायचंच काहीतरी. मी त्याच्या ओठांपासून चार बोटांवर. गळ्यातली घरघर सगळ्यात आधी मला कळायची. प्रत्येक गाण्यानंतर तो भांड्यात थुंके आणि भांडं पलंगाखाली सरकवे.

"काय रे कॉपी, घशात बेडूक अडकलाय का?" बाहेरून ड्रमवाला ओरडायचा.

"तू वाजवायचास तेव्हा भांडी पडल्यागत वाटायचं. मी कधी बोललो का?"

दोघं हसायचे. हसून झालं की रजई बाजूला करून कुणी कुणाकडे बघायचं नाही.

दहावं गाणं झालं. हुबेहूब. बायको ठमीला कडेवर घेऊन आत आली.

"दहाही ऐकली मी जिन्यातून. छान आहेत. पण यात तुम्ही कुठे आहात हो? सगळी त्या लोकांची नक्कल. एकदा तरी तुमच्या आवाजात म्हणा."

त्याने ड्रमवाल्याला टेप चालू करायला सांगितली आणि तेच गाणं पुन्हा म्हटलं. खालच्या पट्टीत, सावकाश. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. अर्ध्यावर तो फाटला. बाहेर ड्रमवाल्याने हेडफोन काढून ठेवल्याचं मला ऐकू आलं, टेप मात्र फिरत राहिली. मग माझ्याकडे वाकून तो म्हणाला, "ठमे, ए ठमाबाई, इकडे बघ. मी तुझा बाबा."

"बा," ठमी म्हणाली.

मी दोघांनाही पुढे पाठवलं. माझ्याकडून कसूर झाली नाही.

ऑपरेशन झालं. तो घरी आल्यावर ड्रमवाला कॅसेट घेऊन आला. बायकोने लावली. दहा गाणी झाली आणि नुसती सरसर सुरू झाली. तिने कॅसेट उलटून पाहिली, पुन्हा उलटली.

"भावोजी, ते शेवटचं?"

"वहिनी, ते चुकलेलं होतं. लोकांनी याला असं फाटकं ऐकायचं, मला नाही बघवलं. पुसलं मी. नेहमी पुसतो तसं."

"त्यात ठमीला हाक मारली होती."

ड्रमवाल्याने कॅसेट तिच्या हातातून घेतली, स्वतः उलटून पाहिली आणि परत दिली. कॉपीने पाटी ओढली, लिहिलं, 'त्याची चूक नाही. नियम माझाच.' बायकोने वाचलं आणि पाटी पालथी ठेवली.

तिने कॅसेट पुन्हा लावली, आवाज मोठा केला. काहीतरी सापडेल, या आशेने असेल. तो परका आवाज घरभर झाला तशी ठमी दचकली, रडत धावत सुटली आणि बापाच्या मांडीत तोंड खुपसून बसली. तो तिला थोपटत राहिला. ओठ हलले. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली.

आता मी कपाटावर असतो. परवा त्या माउलीने मला खाली काढलं, पोचा आलेल्या जाळीवरून बोट फिरवलं. "तुझ्यात काहीच राहत नाही का रे?" असं विचारलं.

नाही गं बाई. राहत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. घोगरा असो, चिरका असो, आज घरी जा आणि आपल्या लेकराशी आपल्याच आवाजात बोला. आणि ते नीटनेटकं करायला कुणाच्या हातात देऊ नका.