देविका जाईपर्यंत

देविकाला काही कळू द्यायचं नाही, हे आमच्या यांनी मला ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर पडल्यापडल्या सांगितलं. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, बायकोशी दोन गोड शब्द बोलतो. यांनी वर आणखी एक सूचना केली, "रडू नकोस, फोनवर आवाज बसलेला कळतो." छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात मसुदे लिहिण्यात घालवलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार?

आतड्याचा कॅन्सर होता. गाठ काढली आणि पोटाच्या डाव्या बाजूला छिद्र करून तिथे एक पिशवी लावली. शौच त्या पिशवीत जमा होतं, आणि ती दिवसातून दोन-तीनदा रिकामी करावी लागते. लिहायला मला लाज वाटत नाही. यांना मात्र ऐकायचीसुद्धा लाज वाटे. केमो एकवीस तारखेपासून सुरू करायचं ठरलं होतं. डॉक्टर आधीची तारीख देत होते, पण यांनी घरचं कार्य आहे म्हणून दहा दिवस मागून घेतले. खरं कारण सोळा तारीख होती. सोळाला देविकाचं मुंबईहून जर्मनीचं विमान होतं.

देविका आमची एकुलती एक. बंगळुरात पाण्याच्या प्रदूषणावर काम करते. जर्मनीची ही दोन वर्षांची शिष्यवृत्ती तिला तिसऱ्या खेपेला मिळाली होती. पहिल्या नकाराच्या वेळी ती दोन दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या वेळी तर निवड समितीने मुलाखतीला बोलावलं होतं, आणि नेमकी मी बाथरूममध्ये पडले. साधं मनगट मोडलं होतं. पोरगी मुलाखत सोडून गाझियाबादला आमच्या घरी हजर. माझी भाकरी थापायला. भाकरी तिला येत नाही, तो भाग वेगळा. तेव्हा मनगटासाठी जिने हे केलं, ती बापाच्या कॅन्सरसाठी काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं.

जायच्या आधी ती आठ दिवस घरी राहायला आली. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. यांच्या बाथरूमचा नळ बिघडलाय असं सांगून ती बाजू बंद ठेवली. हे बारीक का झाले, तर रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. रात्री लवकर का झोपतात, तर त्याच चालण्याने दमतात. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू देत देत आम्ही इथवर आलो. आणि मग तिने प्रेमाने आमच्या गळ्यात धोंड बांधली. पुण्याला माझ्या भाचीचं, पूर्वीचं लग्न होतं. देविकाने तिघांची विमानाची तिकिटं काढून आणली. "लग्न आटपू, तिथून मी मुंबईला जाईन, तुम्ही मला एअरपोर्टवर सोडा. सरप्राइज!" आता याला नाही कसं म्हणणार?

विमानतळावर अंगाची तपासणी होते, हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी त्यासाठी सही-शिक्क्याचं पत्रही दिलं होतं. प्रश्न एवढाच, की ते देविकाच्या डोळ्यांआड दाखवायचं कसं? यांच्या खिशात ठेवावं, तर खिसे रिकामे करताना ती शेजारी उभी राहणार. म्हणून ते माझ्या बॅगेत, आतल्या कप्प्यात ठेवलं. वर भाचीच्या ओटीचं सामान रचलं. तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या आणि खोबऱ्याच्या चार वाट्या. "पुण्यात खोबरं मिळायचं बंद झालं का?" यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ओटीचं सामान घरून न्यायचं असतं, तुम्ही तुमची फाइल बघा. देविकाला पुढे घालायचं, मी मागे रेंगाळून पत्र काढायचं आणि यांच्या हातात सरकवायचं, असा बेत होता. आदल्या दिवशी आम्ही बैठकीच्या खोलीत त्याची तालीमसुद्धा केली.

सकाळी नऊला निघालो, विमानतळावर पोचायला अकरा वाजले. आत शिरतानाच एका यंत्रासमोर उभं करून चेहरा टिपून घेतात. ही माहिती कुठे जाते, कोण ठेवून घेतं, असं यांनी तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सर, इससे आपका टाइम बचता है." विचारलं एक, उत्तर दुसरंच. नोकरीत असते तर यांनी तिला स्मरणपत्र पाठवलं असतं. आता मुकाट्याने यंत्राकडे बघितलं.

सुरक्षा तपासणीला ही गर्दी. लोक कमरेचे पट्टे सोडून हातात धरून उभे, कुणी बूट काढतोय, कुणी लॅपटॉप. माझ्यापुढची एक बाई म्हणाली, "घर से तैयार होकर आओ, यहाँ आकर फिर उतारो. और ऊपर से थैंक्यू बोलो." सगळे हसले. हसण्यापलीकडे कुणी काही केलं नाही, मीही नाही.

मी बॅगेच्या चेनला हात घातला होता. तेवढ्यात देविका मागे वळली. "आई, तुझा हात दुखतो ना, दे, मी ठेवते." आणि माझ्या हातातून बॅग घेऊन तिने ट्रेमध्ये ठेवली, ट्रे ढकलून दिला. बॅग रबरी पट्ट्यांच्या पलीकडे गेली. मी तोंड उघडलं, पण बोलणार काय होते? तेवढ्यात "लेडीज़ उधर, जेंट्स इधर" झालं आणि हे एका बाजूला, आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला गेलो. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पत्र नाही, हे त्यांना कळलं.

बायकांची रांग लांब, तपासायला एकच बाई. देविका माझ्या पुढे होती. तिला सवय आहे, ती पडद्याआड जाऊन लगेच बाहेर पडली आणि सामान घ्यायला पलीकडे गेली. माझ्यापुढे अजून तिघी होत्या. मधे यंत्रं आणि काचेचा कठडा, तरी मला हे दिसत होते, बोलणंही कानावर येत होतं. लाकडी पाटावर हात पसरून उभे होते. जवानाचा हात खांद्यावरून, काखेतून खाली आला आणि डाव्या बाजूला थांबला.

"ये क्या है, अंकल?"

हे हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

"ज़ोर से बोलिए."

"ऑपरेशन हुआ है."

"कोई पेपर?"

"मिसेज़ के पास है. वो उधर हैं, लाइन में."

मी हात वर केला. "भैया, मैं हूँ. पेपर मेरे पास है." माझ्या रांगेतली बाई म्हणाली, "मैडम, लाइन में रहिए, चेकिंग के बिना उधर नहीं जा सकते." तिचं बरोबर होतं. त्या दिवशी सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणून तर माझा इतका जळफळाट झाला.

आणि तेवढ्यात देविका पलीकडून आली. हातात बापाचे बूट. "क्या हुआ भैया? ये मेरे पापा हैं."

जवान तरुण होता, चांगला वाटत होता. म्हाताऱ्या माणसाची मुलगी आली म्हणून त्याला सुटल्यासारखं झालं असावं. "मैडम, इनका कोई ऑपरेशन हुआ है?"

देविका हसली. "ऑपरेशन? नहीं तो. पापा बिल्कुल फिट हैं. रोज़ चार किलोमीटर चलते हैं."

हे शब्द माझे होते. आठ दिवस मीच तिच्या तोंडात घातलेले. यांनी डोळे मिटून घेतले.

जवानाचा चेहरा बदलला. एक म्हणतो ऑपरेशन झालं, पोटच्या पोरीला पत्ता नाही, आणि शर्टाखाली काहीतरी बांधलेलं आहे. त्याच्या जागी मी असते तरी मला संशय आला असता. त्याने साहेबाला बोलावलं. साहेब मध्यमवयाचा, हात जोडून बोलणारा. "अंकल जी, दो मिनट अंदर आ जाइए, देखना पड़ेगा." हे म्हणाले, "मिसेज़ को आने दीजिए." साहेब म्हणाला, "बेटी है ना साथ में. आ जाओ बेटा, पापा को अकेला मत छोड़ो." त्याने भलेपणानेच बोलावलं. हे "नहीं, नहीं, वो बाहर रहेगी" म्हणत होते, आणि ते जितकं म्हणाले तितका संशय वाढला. देविकाने त्यांचा दंड धरला. "बाबा, चला ना यार, दोन मिनिटांचं काम आहे, मी आहे." दोघं आत गेली. दार लोटलं गेलं.

माझा नंबर आला तेव्हा त्या बाईने माझ्या पाटल्या दोनदा तपासल्या. निघत नाहीत म्हटलं तर ओढून बघितल्या. बाहेर आले, तर माझी बॅग बाजूला काढून ठेवलेली. "इसमें सूखा नारियल है, मैडम. अलाउड नहीं है, आग पकड़ता है." मी म्हटलं, घ्या, सगळं घ्या, मला आतला कागद द्या. तो म्हणाला, सामान प्रवाशानेच काढायचं असतं. मग मी चार वाट्या काढल्या. पुडी फुटून तांदूळ त्या स्टीलच्या टेबलावर सांडले, त्यातून हळकुंडं गोळा करत बसायची ही वेळ होती का? पण हात आपोआप गोळा करत होते. ओटीचे तांदूळ पायदळी जाऊ नयेत म्हणून. माझाच मला संताप आला.

कागद घेऊन धावले, दार ढकललं.

हे भिंतीला टेकून उभे होते. शर्ट आणि बनियन दोन्ही हातांनी वर धरलेले, नजर छताकडे. साहेब थोडा वाकून बघत होता. आणि देविका बापाचे बूट छातीशी धरून उभी होती. पिशवी अर्धी भरलेली होती.

साहेबाने माझ्या हातातलं पत्र वाचलं. घडी घालून दोन्ही हातांनी परत दिलं. "सॉरी सर. आपको ये पहले दिखाना चाहिए था." खुर्ची दिली, पाणी मागवलं. आता याच्याशी भांडायचं कसं? एखादा उर्मट भेटला असता, तर मी त्याच्या सात पिढ्यांची पूजा बांधली असती. इथे मला एक माणूस मिळाला नाही, ज्याच्या अंगावर धावून जावं.

यांना शर्टाची बटणं लावता येईनात. देविकाने बूट खाली ठेवले आणि बटणं लावली.

बाहेर पडताना एक टचस्क्रीनचा पडदा होता, त्यावर हसरे आणि रडके चेहरे. तपासणी कशी वाटली, बोट लावून सांगा. मी रडक्या चेहऱ्याला बोट लावलं. पडद्यावर धन्यवाद आलं.

आम्ही गेटपाशी बसलो. विमानाला अजून पाऊण तास होता.

"कधी?" देविकाने विचारलं.

मी तारीख सांगितली.

"मग त्या संडेला तुम्ही व्हिडिओ ऑन नाही केला, कॅमेरा खराब आहे म्हणालात..."

"हॉस्पिटलमध्ये होतो," हे म्हणाले.

"पुढे काय आहे?"

"केमो. एकवीसपासून."

तिने खालचा ओठ दाताखाली धरला. एकवीस आणि सोळा, दोन तारखांमधलं अंतर तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, निदान मला तरी बोलेल. मी बोलणी खायला तयार होते. ती फक्त म्हणाली, "आई, मी त्या माणसाला सांगितलं, पापा फिट आहेत. माझ्यामुळे त्यांना शर्ट वर करायला लागला." आणि मग मात्र मला रडू आलं. सहा आठवडे दाबलेलं सगळं तिथे, लोकांच्या बॅगांमध्ये बसून बाहेर पडलं.

हे समजावायला लागले. शांतपणे, एकेक मुद्दा घेऊन. गाठ पूर्ण निघालीये. केमो म्हणजे खबरदारी. शेजारी अविनाश आहेत, गाडी आहे. आई खंबीर आहे. जर्मनी काही चंद्रावर नाही. दोन वर्षं म्हणजे बघता बघता जातील. देविका ऐकत होती आणि तिचे अंगठे फोनवर चालत होते. मला वाटलं, शार्दूलला, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला कळवत असेल.

"कुणाला लिहितेस?" यांनी विचारलं.

"जर्मनीला. प्रोफेसरना. येत नाही म्हणून."

"देवू, थांब. पाठवू नकोस. पुण्याला पोचू, शांतपणे बोलू."

"पाठवलं, बाबा."

विमानाची घोषणा झाली. लोक उठून रांग करायला लागले. हे जागचे हलले नाहीत. सहा आठवड्यांत एकदाही न चढलेला त्यांचा आवाज चढला.

"अगं, एवढा मोठा निर्णय. आम्हाला विचारायचं तरी होतंस."

देविकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यांनीच नजर खाली घातली, आणि मग मीही.