आभाळ, कुरोड्या आणि अरुंद दार

मित्रांनो, आधी नीट मांडी घालून बसा. पाय पसरून बसणाऱ्यांना मी काही सांगत नसते.

मी एक जुनी बाज आहे. शहरातले लोक मला खाट म्हणतात, म्हणोत बापडे. माझे चारही पाय अस्सल सागवानाचे, अंग अंबाडीच्या दोरीचे आणि जन्म आंबागडचा, किल्ल्याच्या पायथ्याशी. एकोणीसशे सत्तरच्या पुढेमागे मी जन्मले, तेव्हा आमच्या घराच्या मालकीणबाई, सत्यभामाबाई, धनीराम सुताराच्या डोक्यावर उभ्या होत्या. त्यांच्या जावेच्या घरी नुकतीच नवी बाज आली होती.

"तिच्याहून हातभर रुंद पायजे," त्यांनी फर्मावले.

"बाई, मंग थे दारातून सरळ जाणार नाई," धनीराम म्हणाला.

"सरळ नाई गेली, तर आडवी जाईल. बाजेले कोनाची लाज हाय?"

अशी मी रुंद झाले. रोज सकाळी मला कुशीवर आडवी करून दारातून अंगणात काढत आणि दिवे लागले की तशीच आडवी करून आत नेत. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. माझ्यावर सोयरे बसले, बाळंतिणी निजल्या, सोयरिकी जुळल्या. माझी दोरी सैल पडली, की सत्यभामाबाईंचे यजमान केवळराम पायथ्याशी बसून ती अशी ताणून बांधत, की वर टाकलेला रुपया टणकन उडावा. या घरात दोघींचाच दरारा होता: एक सत्यभामाबाई आणि दुसरी मी.

आता माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाकडे येते. लक्ष इकडे ठेवा.

ऐंशीनंतरचा एक उन्हाळा होता. घरची मुलगी चंद्रकांता हिचे लग्न चिखल्याच्या, मॅंगनीजच्या खाणीच्या गावच्या, मुलाशी ठरले होते. साक्षगंधाच्या दिवशी मुलाची आई शकुनबाई माझ्यावरच बसल्या होत्या. पान चघळत त्या सहज म्हणाल्या, "आमच्या मोठ्या सुनेच्या रुखवतात कुरोड्या आल्या होत्या ना, विहीनबाई, एवढ्या काळ्या, का मी समजली खाणीतलं मॅंगनीजच आणलं."

सगळे हसले. सत्यभामाबाईही हसल्या, पण त्यांची बोटे माझ्या दोरीत रुतलेली मला जाणवली. त्या घटकेपासून घरात एकच ध्यास उरला. चंद्रकांतेच्या रुखवतातल्या कुरोड्या, म्हणजे तुमच्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र झाल्याच पाहिजेत, नाहीतर जन्मभर हेच ऐकावे लागेल.

गहू भिजत घातला. तीन दिवसांनी तो वाटून चीक काढला. चौथ्या दिवशी पहाटे बाई अंगणात आल्या, तो आभाळ भरलेले. आंबागडच्या डोंगरावर ढग असे बसले होते, जणू जेवल्याशिवाय उठणारच नाहीत. केवळरामांनी रेडिओ कानाला लावला.

"अजी, ऐकलं काय? मेघगर्जनेसह पावसाची शक्यता म्हणून राहिला."

"त्याले म्हणा, उद्या ये. चीक आज नाई शिजवला, तर आंबून जाईल."

"थो रेडिओ हाय. मी सांगितलेलं ऐकत नाई."

"तुमी तरी कुठं ऐकता?"

मग बाईंनी दिवसाची आखणी केली. ऊन असेल तोवर कुरोड्या माझ्यावर घालायच्या, दुपारी त्या सुकल्या की उलटवायच्या, आणि मध्येच गडगडले तर कुरोड्यांना हात न लावता मलाच उचलून घरात न्यायचे. छपरीत ठेवण्याची सोय नव्हती, कारण पावसाळ्याआधी फेरायला, म्हणजे नीट रचून बसवायला, तिच्यावरची कवेलू, म्हणजे कौले, उतरवलेली होती. माझ्या चार पायांशी चार जणांच्या नेमणुका झाल्या: बाई, केवळराम, चंद्रकांता आणि शेजारच्या बेबीबाई. बाईंनी तालीमही घेतली. त्यांनी "उचला!" म्हणताच चौघांनी मला उचलले, दाराशी येताच सवयीने आडवे केले आणि क्षणात आत नेले.

"पाहा," बाई म्हणाल्या, "चहा उकळाच्या आत काम होते."

मित्रांनो, तालमीत मी रिकामी होते. ही गोष्ट त्या घरात कोणाच्याही ध्यानात आली नाही. मला बोलता आले असते तर मी सांगितले असते. पण खरे सांगू? माझ्याही ध्यानात आले नाही.

चूल पेटली, चीक शिजला, साचा फिरू लागला. माझ्यावर धुतलेले धोतर अंथरून त्यावर कुरोड्यांच्या ओळी उठल्या. काय रंग! जणू जाईची फुले. ढगांतून ऊनही पडले. बाई मधूनमधून आभाळाकडे असे रोखून पाहत, की ढगानेही दोन पावले मागे सरावे.

दुपार कलली आणि पहिला गडगडाट झाला.

"उचला!" बाई गरजल्या.

तिघे धावले. बेबीबाई मात्र "माह्या गवऱ्या बाहीर हायेत वो!" असे ओरडत आपल्या घराकडे पळाल्या. माझा चौथा पाय अनाथ झाला. नेमक्या त्याच वेळी, तुमसरच्या बाजाराला निघालेल्या शकुनबाई पावसाला भिऊन, डोक्यावर पदर घेऊन, आमच्या अंगणात शिरल्या.

"विहीनबाई, पाणी येऊन राहिलं..."

"मंग पाहता काय? थो पाय धरा!"

होणाऱ्या जावयाच्या आईला असा हुकूम जिल्ह्यात कोणी सोडला नसेल. पण आवाजच असा होता, की शकुनबाईंनी पिशवी टाकली आणि पाय धरला. टपोरे थेंब पडू लागले. चौघे धावत दाराशी आले आणि खटकन थांबले. मी दारात अडकले. इकडे सरकवले, तिकडे सरकवले. दार काही रुंद होईना.

"सकाळी तं गेली होती!" केवळराम म्हणाले.

"बाबा, सकाळी आडवी केली होती," चंद्रकांता रडवेल्या आवाजात म्हणाली.

"कुऱ्हाड आना," बाई म्हणाल्या, "पाय तोडा हिचे!"

मित्रांनो, दहा वर्षे ज्यांना पाठीवर झोपवले, त्यांचे हे बोल! माझी दोरी न् दोरी थरथरली. पण शकुनबाईंना एवढा दम कुठला?

"कुऱ्हाड कायले? अशी आडवी करा ना, बाई!" असे म्हणून त्यांनी आपली बाजू झटक्यात वर उचलली.

धोतर सरकले. कुरोड्यांची सगळी रास माझ्या अंगावरून घसरली. खालच्या अंगाला होत्या सत्यभामाबाई. त्यांनी पाय सोडून पदर पसरला. आपण काय केले हे उमगताच शकुनबाईही धावल्या आणि त्यांनी आपला पदर त्याखाली धरला. दोन्ही विहिणींनी मिळून ते ओझे झेलले आणि डोक्याला डोके आपटत त्या एकदम दारातून आत शिरल्या. मी रिकामी झाले होते; सवयीप्रमाणे आडवी होऊन मागोमाग सुखाने आत गेले.

धोतर पुन्हा माझ्यावर पसरले, तेव्हा कुरोड्या उरल्याच नव्हत्या. सगळ्यांची मिळून एकच कुरोडी झाली होती, माझ्या या काठापासून त्या काठापर्यंत.

बाहेर पाऊस कोसळत होता. शकुनबाईंच्या केसात एक ओला तुकडा लोंबत होता. सत्यभामाबाईंनी तो काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"सांगा, विहीनबाई. काळी का पांढरी?"

शकुनबाईंनी तो तुकडा तोंडात टाकला.

"पांढरी," त्या म्हणाल्या. "न् आंबट बी नाई."

ती एक कुरोडी चुलीच्या उबेने आणि पुढच्या दिवसांच्या उन्हाने खिडकीशी वाळली. लग्नाच्या दिवशी ती रुखवतात मांडायला माझ्यावरूनच बाहेर निघाली, अर्थात मला आडवी करून. एका बाजूने सत्यभामाबाईंचे तळवे तिला टेकलेले, दुसऱ्या बाजूने शकुनबाईंचे. दोघीही एकाच वेळी "हळू!" म्हणून सगळ्यांना दरडावत होत्या. मांडवात शकुनबाईंनी येईल त्याचा हात धरून दाखवले, "एवढी मोठी कुरोडी तुमच्या घरी आली होती काय कधी?"

आज मी गोठ्याच्या बाजूला पडून आहे. माझा एक पाय निखळला आहे आणि दोरी सैल झाली आहे. कोंबड्या माझ्यावर बसतात, त्यांना मी काय बोलणार? मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी बाज असेल. तिची दोरी वेळच्या वेळी ताणा. आभाळ भरून आले, तर तिला उघड्यावर टाकून पळू नका, आत घ्या. आडवी केलीत तरी माझी ना नाही. फक्त त्याआधी तिच्या अंगावर काय वाळत घातले आहे, ते एकदा पाहा.