खांबावरची तारीख

गुढीपाडव्याला मॅनेजरपदाचं पत्र मिळणार, हे मंजुषाला दिवाळीपासून माहीत होतं. चौदा वर्षं तिने त्याची वाट पाहिली होती. मखमलाबादच्या मळ्यातली ही पोर. घरात गुलाब आणि कोथिंबिरीपलीकडे कशाचं बोलणं नाही. डिप्लोमा करून ती बांधकामावर आली, तेव्हा साईटवर बायकांसाठी साधा संडासही नव्हता. ट्रेनी, साईट इंजिनिअर, बिलिंग, प्लॅनिंग, अशी एकेक पायरी ती चढली आणि दर पायरीवर कोणीतरी विचारलंच, "लग्नानंतर जमेल का हो?" लग्न झालं, मुलगी झाली, सगळं जमलं. विचारणारे मात्र थकले नाहीत.

पहिल्याच दिवशी तिला तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. मध्ये पोकळी आणि तिच्यावर टाकलेली एक फळी. फळीच्या मधोमध आल्यावर तिचे पाय थिजले. खालची मंडळी फिदीफिदी हसायला लागली. तेवढ्यात पलीकडून एका सेंट्रिंग मिस्त्रीने हात पुढे केला.

"खाली नको पाहू, पोरी. माझ्याकडं पाह."

हा पेठ तालुक्यातला बारकू. पुढे त्यानेच तिला काम शिकवलं. स्लॅब कधी भरला हे रजिस्टरात शोधत बसायचं नाही, खालच्या खांबावर गेरूने लिहिलेली तारीख पाहायची. त्या तारखेपासून चौदा दिवस भरेपर्यंत स्लॅबखालच्या टेकूला हात लावायचा नाही, मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप. मंजुषा जिथे गेली तिथे बारकूला घेऊन गेली. ती पोरीची मॅडम झाली आणि तो साठी ओलांडून गेला.

तर अशा माणसाला त्याच्याच शिकवणीने फसवायचं म्हणजे हुशारी लागते. मंजुषा हुशार होतीच.

गंगापूर रोडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट सजवायचा होता. बारकूच्या टोळीने वरच्या स्लॅबचं सेंट्रिंग बांधलं आणि सगळे होळीला गावी गेले. पेठकडची माणसं होळीला थांबत नाहीत, कितीही विनवा. स्लॅब दोन तारखेला भरायचा होता. लोखंड उशिरा आलं आणि तो भरला बारा तारखेला; गावी गेलेल्या टोळीला याचा पत्ता नव्हता. मालकाचा मुलगा हर्षल अस्वस्थ झाला.

"पाडव्याला गिऱ्हाईकं येणार, मॅडम. हॉलमध्ये टेकूंचं रान दाखवायचं का त्यांना? तुम्हाला मॅनेजर करायचंय ना आम्हाला?"

सांगून बारकू टेकू काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सोळा तारखेला सकाळी, टोळी गावाहून यायच्या आधी, ती एकटी चौथ्या मजल्यावर गेली. खांबावर स्लॅब भरणाऱ्यांनी लाल अक्षरांत १२ लिहिलेलं होतं. तिने अंगठ्याला थुंकी लावली आणि त्यातला एकाचा आकडा पुसला. हल्लीचं सिमेंट चांगलं असतं, एवढ्याने काही होत नाही, असं स्वतःला बजावत ती खाली उतरली. अंगठा तिने साडेतीन वेळा धुतला. चौथ्यांदा धुताना कोणीतरी आलं.

बारकूने खांब पाहिला, बोटांवर दिवस मोजले आणि टेकू काढले. दुपारी हॉलचा स्लॅब चार बोटं खचला, आरपार चीर गेली. माणसं जेवायला उतरली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. सगळा आरडाओरडा खाली चालला असताना मंजुषा वर धावली. पडलेला गेरूचा खडा उचलून तिने पुसलेला एक पुन्हा काढला. रेघ सरळ आली.

हर्षलने बारकूला खांबापुढे उभं केलं. रजिस्टरात बारा, खांबावर बारा.

"सकाळी तर दोन होतं," बारकू पुटपुटला.

कोणीतरी खो खो हसलं. मंजुषाला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं, पण ती मेली नाही. तिने मोबाईल काढून तडा गेलेल्या स्लॅबचे फोटो घेतले.

पाडव्याला साईट ऑफिससमोर गुढी उभारली. फ्लॅटचं लांबणीवर पडलं, तरी पत्र मिळालं. 'प्रसंग हिमतीने सांभाळल्याबद्दल' टाळ्याही मिळाल्या. पत्र हातात तसंच घेऊन मंजुषा चौथ्या मजल्यावर गेली. बारकू हातोडी, पान्हा, ओळंबा पिशवीत भरत होता. त्याला कामावरून काढलं होतं.

"माफ करा म्याडम," तोच आधी म्हणाला. "तुमच्या साईटला माझ्यामुळं बट्टा लागला."

"मामा, असं नका बोलू."

"सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. डाक्टर म्हनं, डोळं बरं हायेत. मंग डोस्कंच गेलं आसंल." त्याने ओळंब्याची दोरी नीट गुंडाळली. "रोज सकाळी नातवंडांची नावं म्हनून पाहतो. झिपरू, ज्योत्स्ना, दिनेश. अजून तरी येत्यात. घरी सांगितलंय, आता मला उंचावर चढू देऊ नका."

चाळीस वर्षं हा माणूस आपल्या डोळ्यांच्या भरवशावर आभाळात काम करत होता आणि तिने ते डोळेच त्याच्याकडून काढून घेतले होते. मंजुषाला स्वतःची किळस आली.

"मामा, दोनच होतं," ती म्हणाली. "एक मी पुसला होता. स्लॅब खचल्यावर मीच परत काढला."

बारकूचे हात थांबले. आता तो शिव्या घालेल, हात उगारेल. काहीही चालणार होतं तिला.

"म्हंजी... डोस्कं चांगलं हाय माझं?"

"हो मामा."

तो मटकन खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की मंजुषाला तिकडे बघवेना. त्याने उपरण्याने डोळे पुसले. मग त्याला सगळं हळूहळू कळत गेलं आणि तो आनंद तिच्या देखत मावळला. तो उठला. पिशवी त्याने तिथेच ठेवली.

"चला," तो म्हणाला. "खाली समदी हायेत. तिथं सांगा."

तो पुढे निघाला, ती मागून. जिन्याकडे जायला मध्ये एक फळी टाकलेली होती. बारकू ती सवयीने ओलांडून गेला आणि पलीकडे वळून उभा राहिला. मंजुषा मधोमध आली. हातात पत्र, खाली ऑफिससमोर जमलेले लोक, गुढीचं केशरी वस्त्र. तिचे पाय थिजले.

बारकू तिच्याकडे पाहत वाट बघत होता. हात मात्र त्याने पुढे केला नाही.