परशुरामशेटाचं बिल

कसाल-मालवण रस्त्यावरच्या मोऱ्या काशीराम ठेकेदाराने बांधल्या, त्या साली सरकारी खात्यात त्याचं बिल अडकलं. गवंडी मजुरीला खोळंबले होते. असल्या वेळी जो तो मालवणच्या परशुरामशेटाकडे जाई. शेट बिल विकत घेई; शंभराचे सत्तर रोख देई आणि मुखत्यारपत्र लिहून घेऊन पुढे खात्याकडून पुरते शंभर वसूल करी.

काशीराम गेला, तेव्हा शेटाने त्याला भर दुकानात गवंड्यांदेखत उभं ठेवलं.

"साठ देतंय. होया तर घे, नायतर खात्याची वाट बघ."

काशीरामने साठ घेतले. मजुरी भागवली, पण चुन्या-सिमेंटाची उधारी तशीच राहिली. मागाहून कळलं, की बिल दाबून ठेवायला शेटानेच खात्यातल्या कारकुनाचा हात ओला केला होता. काशीरामने जे अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही.

त्याची बायको पद्मावती त्याच्या बाराव्यापर्यंत घराबाहेर पडली नाही. मग तिने माहेरची कलमांची बाग विकली, उधारी फेडली आणि उरलेले पैसे घेऊन ठेकेदारांच्या दारात जाऊ लागली.

"शेट सत्तर देता. मी नव्वद देतंय. बिल माका द्या."

बाईमाणूस म्हणून आधी लोक हसले. पण पद्मावती मुखत्यारपत्र घेऊन खात्याच्या कुडाळच्या कचेरीत जाई आणि बाकड्यावर दिवसभर बसून राही. "साहेब, हे बिल का थांबलंय, तेवढं लिहून द्या," एवढंच म्हणे. लिहून द्यायची कोणाची छाती होत नसे. बिलं सुटू लागली. दोनेक वर्षांत शेटाकडे कोणी फिरकेना.

धंदा बसला, तसा शेटाने स्वतःच एका शाळेच्या इमारतीचा ठेका घेतला. होतं नव्हतं ते चिरे-लाकडात घातलं. बिल अडकलं. हाताशी धरलेल्या कारकुनाची बदली झाली होती, आणि गवंडी काम टाकून बसले होते.

एका सकाळी शेट तिच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. पद्मावतीने त्याला बसायला सांगितलं नाही.

"वयनी, शंभराक नव्वद देतंस म्हणान आयकलंय."

"इतरांका. तुमका साठ."

शेटाचा चेहरा काळवंडला. "माझोच डाव माझ्यावर उलटतंस गो?"

"होय. आणि मजुरी तुमच्या हातात देवचंय नाय. ती मी वाटतलंय, तुमच्या दुकानासमोर. तुमी थंय उबे रवाचा."

शेटाने खळ्याच्या पेळेवर, कडेच्या बुटक्या कठड्यावर, हात टेकला. दुसरीकडे जायला त्याला दार उरलं नव्हतं. त्याने सही केली.

बाजाराच्या दिवशी भर गर्दीत पद्मावतीने एकेका गवंड्याला नावाने हाक मारून मजुरी दिली. शेट दुकानाच्या पायरीवर मान खाली घालून उभा होता. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकदा तो आत जायला वळला.

"शेटानू, अजून सपलेला नाय," ती म्हणाली. तो परत वळला.

धोंडू गवंडी पूर्वी काशीरामच्या हाताखाली होता. त्याने पैसे कमरेला खोचले आणि हळूच म्हणाला, "वयनी, झाला मा आता? सोड तेका."

पद्मावतीने शेटाकडे बघितलं. त्याच्या धोतराचा सोगा धुळीत लोळत होता. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं; तसं काही वाटलं नाही.

"शाळेचा छप्पर अजून चढाचा आसा, धोंडू," ती म्हणाली. "पुढचा बिल घेवन येवंदे तेका. तेचे पन्नासच दितलंय."