रिकामी बाबागाडी

मी बाबागाडी आहे. घडी होणारी. जे सांगायचं ते थोडक्यात सांगते. लांबण लावणं मला जमत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं कापड निळंशार होतं आणि चाकं अशी, की बोट लावलं तरी पळायची. या घरात आधी दादा माझ्यात बसला, मग त्याची धाकटी बहीण. तिचं खरं नाव घरात कोणी घेत नाही. मिरची म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. ती चालायला लागली तशी मी माळ्यावर गेले, जुन्या गाद्यांशेजारी. तक्रार नाही. काम संपलं की बाजूला व्हावं.

मुलांच्या सुट्टीत सगळ्यांनी परदेशी जायचं ठरलं, तेव्हा आजोबांनी मला खाली काढायला लावलं. चाकांना तेल स्वतः घातलं.

"बाबा, ही कशाला आता?" मुलगा म्हणाला. "मिरची पहिलीत जाईल."

"परक्या मुलखात पोर दमलं तर? तू उचलणार? तुझी कंबर माहितीये मला."

सूनबाईने आजोबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असू दे," म्हणाली. "उपयोगी पडेल."

मिरची मात्र भडकली. "मी बाळ नाहीये! मी बसणार नाही!" आणि बसली नाहीच.

तेव्हा परदेशात आजोबा मला रिकामीच ढकलत होते. रस्ते दगडी, चढाचे. दिवस कलला की त्यांचा सगळा भार माझ्या दांडीवर यायचा. जन्मभर कारखान्यात यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस. गुडघे झिजले होते. पण काठीचा विषय काढला की भरल्या ताटावरून उठायचे. रिकामी गाडी भार पडला की मागे उलटते. म्हणून सूनबाई रोज सकाळी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी माझ्या बैठकीवर ठेवायची. का ठेवते, ते कुणाला सांगायची नाही.

बागा झाल्या, आकाशपाळणे झाले, काचेमागचे मासे झाले. आजोबांनी स्वतःसाठी एकच मागितलं होतं : वाफेच्या जुन्या इंजिनांचं संग्रहालय. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दारावरच्या रखवालदाराने मला अडवलं. मूल बसलेलं असेल तरच गाडी आत, रिकामी बाहेर ठेवायची. मुलाने आजोबांना ते समजावून सांगितलं. "ठेवू या की बाहेर, बाबा. काय बिघडतं?"

आजोबांनी आत पाहिलं. लांबच लांब दालन. बसायला एक बाक नाही. दांडीवरची त्यांची पकड घट्ट झाली.

"तुम्ही या जाऊन. मी थांबतो इथे. लोखंडच ना शेवटी? जन्मभर तेच पाहिलं."

"एवढ्या लांब येऊन?" मुलगा म्हणाला. "अहो, इथे चाकाची खुर्ची मिळते. विचारू का?"

"खुर्चीत घालून नेतोस बापाला?"

मागे रांग वाढत चालली.

मग मिरचीने माझ्यातली पिशवी उचलून दादाच्या हातात कोंबली आणि चढून बसली. गुडघे हनुवटीला, बूट बाहेर लोंबत. माझं कापड करकरलं. मी दम धरला.

"माझे पाय दुखतायत," ती म्हणाली.

"अले अले, बाळ दमलं!" दादा म्हणाला. रांगेतली मुलंही फिदीफिदी हसली.

एरवी तिने त्याचे केस उपटले असते. आता फक्त कान लाल झाले. तिने पट्टा लावला. "चला ना आजोबा. उशीर होतोय."

रखवालदार बाजूला झाला.

आत एक इंजिन होतं, त्याचं चाक घराएवढं. आजोबा त्याच्यापुढे थांबले. मग वाकले.

"खरंच दुखतात का गं पाय?"

मिरचीने मान वळवली नाही. "थोडे. तुमचे?"

आजोबा सरळ झाले. "माझे फार दुखतात," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मुलगा काहीतरी बोलणार होता. सूनबाईने त्याचा हात दाबला.

"उतर, मिरचे. मोठी आहेस तू."

"पण रिकामी चालत नाही ना?"

"कुणी विचारलं तर सांगू, म्हाताऱ्याची आहे."

आता मी दाराशी उभी असते, चपलांशेजारी. सकाळी आजोबांबरोबर भाजी आणायला जाते. कापड विटलंय, एक चाक कुरकुरतं. लोक कौतुकाने वाकून बाळ बघायला येतात आणि त्यांना कोबी दिसतो. आजोबा त्यांच्याकडे बघून मान डोलावतात. काही लपवत नाहीत.

एकच सांगणं आहे. असं कुणी रिकामी गाडी ढकलताना दिसलं, तर हवं तर हसा. पण चढावर घाई करू नका, मागून ढोसू नका. जरा थांबा. आम्ही येतोय.