जुना, पण कंपनीचा

"दाबा आबा, पुरा जोर लावा," गॅरेजवाला नजीर म्हणाला.

पितांबरनं फियाटच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकले, अंगाचा भार टाकला आणि एकदम हात काढून घेतले. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली. पाळण्यासारखी हलतच राहिली.

"मोजलं? पाच येळा. एकदा वर येऊन गप व्हायला पायजे तिनं. शॉकअप संपले आबा. आता खड्डा सरळ माणसाच्या कमरेत."

कमरेत नव्हे, पोटात, असं पितांबरच्या मनात आलं आणि त्यानं घाईनं टोपी काढून कपाळ पुसलं.

बावीस वर्षं तो एरंडोलात टॅक्सी चालवत होता. आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी अडलेल्या बाया त्यानं वेळेवर जळगावला पोचवल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या लेकीला, लताला, पाचव्या महिन्यात तिच्या सासरहून, पहूरहून, याच गाडीतून आणलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्याआधी एकदा असंच झालं होतं, तेव्हा तर ती घराबाहेरही पडली नव्हती. "काका, धक्क्यानं नाही होत असं. पिशवीचं तोंड कच्चं आहे तिच्या," असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. घरातही कुणी त्याला दोष दिला नाही. तरी तेव्हापासून रस्त्यात खड्डा दिसला की पितांबरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

आता लताला चौथा महिना सरत आला होता. उद्या अकरा वाजता जळगावात पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा होता. जावयानं, सुकदेवनं, जीप ठरवतो म्हटलं, तर ही हट्टाला पेटली. "बसीन तर बाबानीच गाडीम्हा."

नजीरनं पोत्यावर दोन जोड मांडले. एक चकचकीत, प्लास्टिकच्या पिशवीतला. दुसरा काळपट, रंग उडालेला.

"हाऊ नवा शे, पन लोकल. हाऊ जुना शे, पन कंपनीना. नवा कंपनीना ना जळगावले मिळे, ना धुळाले. या मॉडेलचा माल आठ दिवसांनी येईन म्हणतात."

"जुना कोणत्या गाडीचा?"

"फैजपूरकडची. ट्रकनं समोरून ठोकली. मागचं बठ्ठं शाबूत व्हतं."

"मानसं?"

नजीरनं पान्ह्यावरचं ग्रीस पुसलं. "एक गेला."

पितांबरची बायको भागाबाई बाकड्यावर तांब्या घेऊन बसली होती. तिचा हात आपसूक गळ्यातल्या पोतीकडे गेला. पितांबर झटक्यात म्हणाला, "नवाच बसाड."

नजीरनं पान्हा उचलला. अर्ध्या तासात नवे शॉकअप बसले. पितांबरनं कोपरा दाबला. गाडी एकदाच वर आली आणि शहाण्यासारखी थांबली.

त्या दिवशी चतुर्थी होती. भागाबाई दर चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला जायची. अंगात ताप असला तरी नेम चुकवायची नाही. अभिषेकाचा तांब्या काठोकाठ भरून ती मागच्या सीटवर बसली. रस्ता कसला, नुसते दगड. तरी देवळाशी उतरताना तिचा पदर कोरडा होता.

"देख, लतानी माय! थेंब नही सांडना!" पितांबरला दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

देवाला लताचं नाव सांगून झालं. तळ्याचं पाणी तिच्यासाठी म्हणून भागाबाईनं तांब्यात भरून घेतलं आणि गाडी परत निघाली. निम्मी वाट झाली नसेल, तोच मागून आवाज आला.

"हळू चालाडा ना."

"हळूच शे."

पण गाडी बदलली होती. प्रत्येक खड्ड्यानंतर ती दोन-तीनदा उसळत होती. पितांबरनं मागं पाहिलं. भागाबाईची साडी मांडीपासून पोटऱ्यांपर्यंत भिजली होती आणि तांब्यात तळाशी चार बोटं पाणी राहिलं होतं. त्यानं गाडी कडेला उभी केली. देवदर्शनाला न जाता त्यानं गावातल्या गावात एक चक्कर मारली असती, तर उद्या हीच गाडी पहूरला नेली असती.

गॅरेजवर परत आल्यावर नजीरनं शॉकअपला हात लावला आणि चटकन काढला. "तापला. लोकलचं असंच. थंडा हाय तोवर नवरदेव. गरम झाला का आतलं तेल पाण्यावानी होतं, मग कसला जोर! मी सांगत व्हतो..."

"कव्हय सांगं तू?" भागाबाईनं विचारलं.

"मनात, अक्का," नजीर ओशाळून म्हणाला. "गेलेल्या माणसाचं सामान. जबरदस्ती कशी करू?"

पितांबर पोत्यावरच्या काळ्या जोडाकडे पाहत राहिला. भागाबाई उठली, कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि दोन्ही नळ्यांना बोट लावलं. "जो गया, त्याना बी जीव कोनामा तरी व्हताच ना. बसाड भाऊ."

जुना जोड बसला आणि ते दोघं तांब्या काठोकाठ भरून परत पद्मालयाला गेले. एका दिवसात दोनदा आलेलं पाहून पुजारी चकित झाला. जाताना पदराचा कोपरा थोडा भिजला. येताना पितांबरनं तीनदा विचारलं, "कितलं सांडं?"

"जाताना सांडं, तितलंच," भागाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहूरहून निघताना लता मागं आडवी झाली, डोकं आईच्या मांडीवर. सुकदेव पुढं बसला. पितांबर प्रत्येक खड्डा नाव घेतल्यासारखा ओळखून चुकवत होता.

"बाबा, बैलगाडी पुढं निंघी गई आपलाथीन," लता म्हणाली.

"जाऊ दे तिले. तू बोलू नको."

"पानी सांडस का मन्हं?" तांब्याची गोष्ट तिनं आईकडून ऐकली होती.

भागाबाई हसली. पितांबर हसला नाही. जळगाव दिसेपर्यंत त्यानं आरशातून लेकीच्या चेहऱ्यावरची नजर हलवली, ती फक्त रस्त्यासाठी.

दवाखान्याच्या दारात आयाबाईंनी ट्रॉली आणली. लताला तिच्यावर निजवलं आणि ढकललं. चाकांचं रबर झिजलं होतं. ओसरीच्या शहाबादी फरशीच्या पहिल्याच सांध्यावर ट्रॉली खाडकन आदळली. लताचा हात पोटावर गेला.

"थांबा!" पितांबर ओरडला. दवाखान्यात इतक्या मोठ्यानं बोलल्याचं त्यालाच वाईट वाटलं. मग हळू आवाजात म्हणाला, "सुकदेव, डोकाकडथीन धर. लतानी माय, तू आठे ये."

"अहो काका, चाकं कशाला दिली मग? वीस पावलं तर आहेत," आयाबाई म्हणाल्या.

"वीस पावलंच शेत, बाई."

त्यानं पायाकडची दांडी धरली आणि कमरेत वाकून उचलली. भागाबाईनं एक बाजू सावरली. आयाबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग चौथा कोपरा धरला. पितांबरच्या मानेची शीर टरारून फुगली होती. पाऊल टाकण्याआधी तो अनवाणी अंगठ्यानं पुढची फरशी चाचपत होता. खाली चारी चाकं हवेत लोंबत, हलकेच फिरत होती.