थाळीला न दचकलेला वाघ

अभिमनला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी त्याच्या आजीने, यशोदाबाईंनी, उंबऱ्यात उभं राहून काशाची थाळी बडवली. पारोळ्याजवळच्या त्या गावात मुलगा घरात आला की थाळी वाजवतात. म्हणजे पोर पुढे कशालाच भीत नाही. बाकीची पोरं थाळीच्या आवाजाने किंचाळून घर डोक्यावर घेतात. हा पठ्ठ्या मूठ चोखत पडून राहिला.

"देखं ना बठ्ठासनी? जरा बी दचकना नही! वाघ शे मना नातू, वाघ!"

झालं. पोराचं नाव अभिमन, पण गल्लीभर वाघच. लग्नात डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, वाघ आईच्या मांडीवर घोरत पडलेला. दिवाळीत दारात सुतळी बॉम्ब फुटला, वाघाने मान हलवली नाही. आजोबा, सुकदेव आबा, पारावर बसून हे सगळ्यांना ऐकवायचे, वर दोन गोष्टी पदरच्या लावायचे. सारिका आई होती, तिलाही आधी कौतुकच वाटलं. चाळीसगावला माहेरी फोन करून सांगायची, "माझं पोरगं रडत नाही गं, काही त्रास नाही."

पण तिची नजर बारीक. शेजारची पोरं नाव घेतलं की मागे बघतात. हा बघत नाही. कुकरची शिटी झाली की सगळी पोरं चुलीकडे बघतात, हा भिंतीवरच्या पालीकडे.

"अक्का, याला ऐकू येत नाही," ती सासूला म्हणाली.

यशोदाबाई अशा भडकल्या की विचारू नका. लगेच थाळी काढली. अभिमन लोखंडी खाटेवर बसलेला. आजीने मागून जाऊन थाळी खाटेच्या दांडीला टेकवली आणि दण्ण! अभिमनने गर्रकन मान फिरवली.

"ले! आते काय कानमा हत्ती घालू का त्याना?"

सगळे हसले. सारिका हसली नाही. तिचा हात खाटेवर होता, थाळी वाजली तेव्हा खाट थरथरून तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. तिने पोराला उचलून मांडीवर घेतलं, त्याची पाठ आजीकडे केली. "आता वाजवा. खाटेला लावू नका."

थाळी वाजली. परत वाजली. अंगणातली कुत्री भुंकायला लागली. अभिमन आईच्या मंगळसूत्राचे मणी फिरवत बसला.

"त्यानं मन नही," यशोदाबाई म्हणाल्या. "वाघ काय कोणा हाकवर मांगे देखस का?"

रात्री नवऱ्याला, प्रेमराजला सांगितलं तर तो जेवता जेवता उठला. "मना पोऱ्याले बहिरा म्हनस तू? मी सोता पाच वरीसना व्हईसन बोलनू. इचार आबाले!"

आबांनी मान डोलावली. मग काय, निकालच लागला. पाच वर्षं थांबायचं. अंगणवाडीतल्या ताई म्हणाल्या, धुळ्याला कानाची तपासणी होते, लवकर जा, तर यशोदाबाईंनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. सकाळी उठून वेखंड उगाळायचं आणि पोराच्या जिभेवर चोळायचं, म्हणजे जीभ सुटते. अभिमन उलट्या करायचा. सारिका वाटी हिसकावून मोरीत ओतायची, दुसऱ्या दिवशी परत वाटी तयार. एकदा ती पिशवी भरून एकटीच स्टँडवर गेली होती. प्रेमराजने एसटीतून उतरवून आणली, सगळ्या गावादेखत.

पाचवा वाढदिवस झाला. केक आणला, गाणं म्हटलं. दुसऱ्या पोरांचे गाल फुगलेले बघून अभिमननेही गाल फुगवले, मेणबत्ती विझवली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडातून काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजने गाडीला किक मारली. सारिका पोराला घेऊन मागे बसली. गाडी थेट धुळ्याच्या दवाखान्यात थांबली.

औषध पाजून झोपवलं, डोक्याला वायरी लावल्या. डॉक्टरने पडद्याकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तान्हा असताना मोठ्या आवाजाला दचकायचा का?"

"नाही साहेब!" प्रेमराज सवयीने छाती काढून म्हणाला. "कधीच नाही. थाळी वाजवली तरी..."

बोलता बोलता त्याने पोराच्या कानाकडे बघितलं.

"तेव्हाच आणायचं होतं," डॉक्टर म्हणाला. "जन्मापासून ऐकू येत नाही याला. मशीन लावू, थोडेफार आवाज कळतील. खुणांनी बोलायला शिकवा, त्यात उशीर करू नका. पण तोंडाने बोलेल याची आशा फार धरू नका. मेंदू बोलणं शिकतो ती वर्षं गेली."

"गेली म्हणजे?" सारिका खेकसली. "मी तर घरातच होते ना! रोज सांगत होते!"

प्रेमराज बूट बघत होता.

मशीन आलं. अभिमन ते कानातून काढून खिशात ठेवायचा. खुणा शिकवायच्या तर यशोदाबाई म्हणायच्या, लोक बघतात.

त्याच महिन्यात शेजारच्या दिपमालाला मुलगा झाला. घरी आणला तशी बाया जमल्या. यशोदाबाईंनी आपलीच थाळी नेली आणि वाजवली. बाळ असं किंचाळलं की लाल झालं.

"भित्रा निंघना वं," एक बाई म्हणाली. दिपमालाचं तोंड एवढंसं झालं.

"रडला ना?" सारिका दारातून ओरडली. "मग पेढे वाट, बाई! रडू दे त्याला, गळा फाटेपर्यंत रडू दे!"

यशोदाबाईंच्या हातातली थाळी खाली आली. अभिमन सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने ती थाळी घेतली, आजी धरते तशीच धरली आणि बडवायला लागला. बाळ आणखी किंचाळलं. अभिमन हसत आईकडे बघत होता, बरोबर वाजवतोय ना, असं विचारल्यासारखा. तिने मान डोलावली नाही, म्हणून त्याने आणखी जोरात बडवली.